तपकिरी रंगाच्या आधी

आमच्या कामात सगळं ‘तुकडा’ या शब्दापासून सुरू होतं. “मॅडम, तुकडा आणलाय,” असं म्हणत माणूस दारात उभा राहतो. गडहिंग्लज, गारगोटी, चंदगड, राधानगरी, कधी सीमेपलीकडून निपाणी. सकाळच्या एस.टी.नं आलेला असतो. हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकची बरणी आणि बरणीत त्याच्या आईच्या किंवा बायकोच्या छातीतली गाठ, नाहीतर सुईनं काढलेला गाठीचा दोऱ्याएवढा भाग. वाटभर त्यानं ती पिशवी मांडीवरून खाली ठेवलेली नसते. मी झाकण उघडते आणि आधी वास घेते. तुकडा टिकवणारं फॉर्मलिन नाकाला झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं, की मला बरं वाटतं. वास आला नाही की पोटात गोळा येतो. मग आत सलाईन निघतं, कधी स्पिरिट. एकदा तर साधं नळाचं पाणी होतं. त्या माणसाची यात काही चूक नसते. हातात जे दिलं ते त्यानं जिवापाड जपून आणलेलं असतं.

कर्करोगाच्या पेशींवर एखादं ठरावीक प्रथिन आहे का, असेल तर किती, हे प्रयोगशाळेत तयार केलेल्या अँटिबॉडीकरवी शोधून काढायचं, अशा एका तपासणीवर हे पुस्तक लिहिलं आहे. रिपोर्टावर ती ‘आयएचसी’ या तीन अक्षरांनी येते. अँटिबॉडीला मराठीत प्रतिपिंड असा चांगला शब्द आहे, पण दवाखान्यात तो कुणाच्या तोंडी नाही. म्हणून या पुस्तकात अँटिबॉडीच लिहिलं आहे. वाचणारे कोण असतील याचा मी बराच विचार केला. प्रयोगशाळेत नव्यानं रुजू झालेली तंत्रज्ञ मुलं-मुली, शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिका, तालुक्याच्या ठिकाणी गाठी काढणारे सर्जन आणि ज्यांच्या घरात असा रिपोर्ट आला आहे ती माणसं. शेवटच्या गटाला तांत्रिक गोष्टी कशाला सांगायच्या, असं मला एकानं विचारलं. बरणी तेच घेऊन येतात, म्हणून सांगायच्या.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते इथेच सांगून टाकते. गाठ शरीरातून सुटते त्या क्षणी ही तपासणी सुरू होते आणि पुढच्या तासाभरात तिचं निम्मं भवितव्य ठरून जातं. अँटिबॉडी कितीही महागाची असो, यंत्र कितीही नवं असो, आपण जेवढं राखून ठेवलं तेवढंच ती दाखवते. हे समजायला अँटिबॉडी म्हणजे काय, ती कुठून आली आणि तिला गाठीत नेमकं काय सापडतं, हे आधी माहीत हवं. प्रस्तावना लांबली आहे ती त्यासाठी.

अँटिबॉडी आपल्या भागाला अनोळखी नाही, फक्त ती वेगळ्या नावानं माहीत आहे. उसाच्या फडात कुणाला घोणस चावली की गावकरी त्याला गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेतात आणि “सापाची लस आहे का?” असं विचारतात. ती लस म्हणजे अँटिबॉडीच. घोड्याला सापाचं विष अगदी थोड्या मात्रेत, पुन्हा पुन्हा टोचत जायचं. त्याचं रक्त त्या विषाला ओळखून धरणारी प्रथिनं तयार करतं. मग रक्तातला तो भाग वेगळा काढून शुद्ध करायचा. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेनं हे काम वर्षानुवर्षं केलं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं ते औषध आपल्याकडे असंख्य शेतकऱ्यांच्या उपयोगी पडलं आहे. कल्पनेचं मूळ १८९० सालचं आहे. बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिलं की, धनुर्वात आणि घटसर्प यांच्या विषाला तोंड दिलेल्या जनावराच्या रक्तद्रवात त्या विषाला निकामी करणारं काहीतरी असतं आणि ते दुसऱ्या जनावराला देता येतं.

मात्र घोड्याच्या रक्तात एकाच प्रकारची अँटिबॉडी नसते. तिथे बाजाराच्या दिवसासारखी गर्दी असते. कुणी विषाच्या रेणूचं एक टोक धरतं, कुणी दुसरं, कुणी भलत्याच कशाला तरी चिकटतं. साप चावलेल्या माणसाचा जीव वाचवायला ही गर्दी चालते, किंबहुना उपयोगीच पडते. पण गाठीतल्या हजारो प्रथिनांमधून एकच प्रथिन ओळखायचं असेल तर अशा गर्दीवर विसंबता येत नाही. शिवाय घोडा बदलला, ससा बदलला, की अँटिबॉडीही बदलते. आज कोल्हापुरात आलेल्या निकालाची उद्या पुण्यातल्या निकालाशी तुलना कशी करायची?

ही अडचण १९७५ साली सुटली, आणि ज्या रीतीनं सुटली त्याचं मला अजूनही नवल वाटतं. केंब्रिजच्या प्रयोगशाळेत सेझार मिलस्टाइन आणि जॉर्जेस कोहलर हे दोघे काम करत होते. अँटिबॉडी बनवणारी प्रत्येक पांढरी पेशी एकाच प्रकारची अँटिबॉडी बनवते, पण शरीराबाहेर काढली की ती थोड्याच दिवसांत मरते. उलट कर्करोगाची पेशी काचेच्या बशीत वर्षानुवर्षं वाढत राहते. त्यांनी उंदराच्या प्लीहेतली अँटिबॉडी बनवणारी पेशी आणि उंदराच्याच मज्जेच्या कर्करोगाची पेशी या दोन एकत्र जुळवल्या. जुळलेल्या पेशीला एकीकडून अँटिबॉडीचं ज्ञान मिळालं आणि दुसरीकडून न मरण्याची खोड. एका पेशीचा वंश, म्हणून एकच अँटिबॉडी, कितीही वर्षं, कितीही प्रमाणात. या पद्धतीचं पेटंट घेतलं गेलं नाही. जगभरच्या प्रयोगशाळांनी ती उचलली आणि १९८४ साली दोघांना नील्स येर्न यांच्यासह नोबेल मिळालं. कर्करोग ओळखायचं हे साधन कर्करोगाच्याच पेशीच्या बळावर उभं आहे. विद्यार्थ्यांना मी हे सांगते तेव्हा वर्गात क्षणभर कुणी बोलत नाही.

पेशी काचेत जिवंत ठेवण्याची विद्या महाराष्ट्रात आणणारी बाई पुण्याची होती. कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ, जन्म १९१७ चा. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. वसंत रामजी खानोलकरांनी मुंबईत विकृतिशास्त्राचा पाया घातला. त्यांच्या हाताखाली टाटा स्मारक रुग्णालयात कमलाबाईंनी स्तनाच्या कर्करोगावर उंदरांमध्ये संशोधन केलं आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढे त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गाठीतून आलेल्या आणि आजही वाढत असलेल्या हेला पेशी १९५१ मध्ये याच गाय यांच्याकडे रुजल्या होत्या. परत आल्यावर कमलाबाईंनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, देशातली पहिली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. स्तनाच्या कर्करोगाचं अनुवंशाशी आणि हार्मोनांशी काय नातं आहे, हा त्यांचा प्रश्न होता. आज मी स्लाईडवर ज्या हार्मोन-ग्राहकाचा, म्हणजे हार्मोनला धरणाऱ्या प्रथिनाचा, तपकिरी रंग शोधते तो त्याच प्रश्नाचा पुढचा टप्पा आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्याविषयी दोन ओळीसुद्धा क्वचित सापडतात. त्यांच्यावर एक प्रकरण लिहायचं मी ठरवलं होतं, पण ते या पुस्तकात बसलं नाही. ते वेगळं लिहायला हवं.

अँटिबॉडी मिळाली, पण ती डोळ्यांना दिसत नाही. ती कुठे चिकटली हे कसं कळणार? १९४१ मध्ये अल्बर्ट कून्स यांनी तिला चमकणारा रंग जोडला. अंधाऱ्या खोलीत खास सूक्ष्मदर्शकाखाली ती चमकायची. १९६६ मध्ये नाकाने आणि पिअर्स यांनी रंगाऐवजी विकर, म्हणजे एंझाइम, जोडलं आणि साध्या सूक्ष्मदर्शकावर काम भागलं. आज आपण बहुधा जे विकर वापरतो ते मुळा-मोहरीच्या कुळातल्या एका तिखट परदेशी मुळापासून मिळतं. त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि डीएबी नावाचं रसायन घातलं की जिथे अँटिबॉडी बसली असेल तिथेच तपकिरी, न विरघळणारा रंग तयार होतो. बाकीच्या पेशींची केंद्रकं फिकट निळी केलेली असतात. निळ्यावर तपकिरी. सगळी तपासणी शेवटी या दोन रंगांवर येऊन ठेपते.

आता गाठीतल्या त्या प्रथिनाकडे येते. कोल्हापूर-निपाणी पट्ट्यात तोंडाचा कर्करोग भरपूर दिसतो. तंबाखू आणि मिश्रीनं या भागाचं केलेलं नुकसान मी रोज पाहते. खानोलकरांनी तंबाखू आणि तोंडाच्या कर्करोगाचा संबंध फार पूर्वी अभ्यासला होता. तरीही या पुस्तकासाठी मी उदाहरण स्तनाच्या कर्करोगाचं घेतलं. तोंडाच्या गाठीचं निदान बहुतेक वेळा साध्या गुलाबी-निळ्या स्लाईडवरच होतं, अँटिबॉडीची गरज क्वचित पडते. स्तनाच्या गाठीत मात्र निदान झाल्यावर खरं काम सुरू होतं. उपचार कोणता द्यायचा हे तीन प्रथिनं ठरवतात: इस्ट्रोजेन-ग्राहक, प्रोजेस्टेरॉन-ग्राहक आणि हर-टू. भारतातल्या स्त्रियांमध्ये आज हाच कर्करोग सर्वांत जास्त आढळतो, म्हणून या तीन नावांशी आपल्या घराघरांचा संबंध येणार आहे.

हर-टू हे पेशीच्या आवरणावर बसलेलं प्रथिन. वाढीचा निरोप बाहेरून आत पोचवणं हे त्याचं काम. निरोगी पेशीवरही ते असतं, थोडंसं. काही गाठींमध्ये सतराव्या गुणसूत्रावरच्या त्याच्या जनुकाच्या भरमसाट प्रती तयार होतात आणि पेशीच्या अंगावर हे प्रथिन नेहमीच्या कित्येक पटींनी उगवतं. पेशीला ‘वाढ, वाढ’ असा निरोप अखंड मिळत राहतो. १९८७ साली लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १८९ गाठी तपासून दाखवलं की, सुमारे ३० टक्क्यांमध्ये जनुकाच्या प्रती वाढलेल्या होत्या आणि त्या स्त्रियांचा आजार लवकर उलटत होता. हल्लीच्या मोजणीत हे प्रमाण साधारण १५ ते २० टक्के धरतात. मग याच प्रथिनाला अडवणारी उंदराची अँटिबॉडी घेऊन तिचा बहुतेक भाग मानवी करण्यात आला. ते औषध म्हणजे ट्रास्टुझुमॅब. अमेरिकेत २५ सप्टेंबर १९९८ रोजी त्याला मान्यता मिळाली आणि त्याच दिवशी ते कुणाला द्यायचं हे ठरवणाऱ्या अँटिबॉडी-तपासणीलाही. औषध आणि तपासणी यांनी हातात हात घालून बाजारात येण्याचं हे फार महत्त्वाचं उदाहरण आहे. एक अँटिबॉडी काचेवर प्रथिन दाखवते, दुसरी शरीरात जाऊन तेच प्रथिन धरते. पहिली चुकली तर दुसरी ज्या बाईला हवी तिला मिळत नाही, किंवा नको तिला मिळते.

हे नुसतं तात्त्विक बोलणं नाही. शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपीच्या जोडीला हे औषध दिलं तर आजार परतण्याचा धोका जवळपास निम्म्यावर येतो, असं २००५ साली मोठ्या चाचण्यांतून पुढे आलं. औषध महाग आहे. बंगळूरच्या बायोकॉननं २०१४ मध्ये भारतीय बनावटीचं आणलं तेव्हा किंमत उतरली आणि २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ते आवश्यक औषधांच्या यादीत घातलं. तरीही एखाद्या शेतकरी कुटुंबाला वर्षभराचा हा खर्च पेलणं सोपं नसतं. दागिने मोडले जातात, गुंठे विकले जातात. ज्या रिपोर्टावर हे सगळं होतं तो रिपोर्ट पाण्यात ठेवलेल्या तुकड्यावरून काढलेला असावा का?

इथे मला कातडी कमावणाऱ्या कारागिरांची आठवण येते, आणि ती ओढूनताणून आणलेली उपमा नाही. कोल्हापुरी चप्पल सगळ्यांना माहीत आहे. तिच्यामागचं चामडं कसं तयार होतं हे कमी लोकांना माहीत असतं. चुन्यातून काढलेलं कातडं पिशवीसारखं शिवायचं, आत बाभळीची साल आणि हिरडा यांचं पाणी भरायचं आणि टांगून ठेवायचं. सालीतला आणि हिरड्यातला तुरट रस कातड्यातल्या प्रथिनाच्या धाग्यांना एकमेकांशी बांधतो. बांधणी झाली की कातडं सडत नाही. घाई केली तर मध्यभाग कच्चा राहतो आणि तिथून चामडं जातं. प्रमाण बिघडलं तर ते ताठ होतं, वाकवलं की तडकतं. फॉर्मलिन गाठीत नेमकं हेच करतं. तेही प्रथिनांना एकमेकांशी बांधतं, म्हणूनच पेशींची स्वतःची विकरं त्यांना खाऊन टाकू शकत नाहीत आणि जंतूही वाढत नाहीत. कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये सोल हातात घेऊन वाकवून बघणारा माणूस आणि गाठीचा काप बोटानं दाबून बघणारी मी, आम्ही दोघं एकाच रसायनशास्त्राची परीक्षा घेत असतो.

म्हणून काही आकडे तोंडपाठ हवेत. गाठ काढल्यापासून फॉर्मलिनमध्ये पडेपर्यंत एका तासाहून जास्त वेळ जाऊ नये. फॉर्मलिन १० टक्क्यांचं, आम्लता सांभाळलेलं, आणि तुकड्याच्या निदान दहापट हवं. तुकडा त्यात ६ तासांपेक्षा कमी आणि ७२ तासांपेक्षा जास्त राहू नये. फॉर्मलिन मांसात तासाला जेमतेम एक मिलिमीटर शिरतं आणि चरबीत त्याहून सावकाश. अख्खा स्तन बादलीत बुडवून रात्रभर ठेवला तर बाहेरून तो घट्ट, व्यवस्थित दिसतो आणि आतली गाठ मात्र सकाळपर्यंत विरघळायला लागलेली असते. त्याला आधी पावाच्या स्लाईससारखे काप द्यायला हवेत, एकेक सेंटिमीटरहून पातळ. हे करायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं कुणाची, सर्जनची, परिचारिकेची की प्रयोगशाळेची, यावर आपल्याकडे कुणाचंच एकमत नाही, आणि त्या घोळात गाठ मरते.

जास्त वेळ राहिल्याचाही अनुभव आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, शिरोलीपाशी महामार्ग बंद झाला, आमच्या भागातली वीज गेली. त्या दिवसांत आमच्याकडे आलेल्या बरण्या ७२ तासांची मर्यादा केव्हाच ओलांडून गेल्या. आम्ही तसं रिपोर्टात स्पष्ट लिहिलं, तपासणी दोनदा केली आणि निकाल बऱ्यापैकी नीट आले. याचं कारण असं की जास्त बांधलेलं प्रथिन काही अंशी सोडवता येतं, नासलेलं प्रथिन कुणालाच परत आणता येत नाही. फॉर्मलिनची बांधणी उष्णतेनं थोडी सैल होते, हे रसायनशास्त्रज्ञांनी १९४० च्या दशकात नोंदवलं होतं. ते जुने निबंध शान-रोंग शी यांच्या वाचनात आले आणि १९९१ मध्ये त्यांनी स्लाईड मायक्रोवेव्हमध्ये उकळून दाखवल्या. ज्या प्रथिनांपर्यंत अँटिबॉडी पोचतच नव्हती ती एकाएकी दिसू लागली. आता ही पायरी सगळीकडे आहे, आणि पुष्कळ प्रयोगशाळांत त्यासाठी चक्क प्रेशर कुकर वापरतात. नव्या मुलांना त्याचं हसू येतं. मी त्यांना तो कुकर नीट घासून ठेवायला सांगते.

मधल्या पायऱ्या पुस्तकात सविस्तर आहेत, इथे थोडक्यात सांगते. तुकडा मेणात बसवतात, त्याला सगळे ‘ब्लॉक’ म्हणतात. हा ब्लॉक रुग्णाची मालमत्ता समजून जपा. दुसरं मत घ्यायचं झालं, मुंबईला जायचं झालं, तर तोच बरोबर न्यावा लागतो. ब्लॉकचे सुमारे चार मायक्रॉनचे काप काढतात, केसाच्या जाडीच्या पंधरा-वीस भागांतला एक. असा काप कोमट पाण्यावर तरंगताना तंत्रज्ञ श्वास रोखून धरते, कारण फुंकरीनंही तो दुमडतो. पुढे मेण काढणं, उकळणं, अँटिबॉडीचे थेंब, धुणं, पुन्हा थेंब, पुन्हा धुणं, रंग.

शेवटी स्लाईड माझ्यासमोर येते आणि मी तिला गुण देते: ०, १+, २+, ३+. हर-टू ३+ म्हणजे गाठीच्या १० टक्क्यांहून जास्त पेशींभोवती ठळक, अखंड तपकिरी कड. मधाच्या पोळ्याची घरं रेखल्यासारखी. २+ म्हणजे कड आहे पण फिकट. तिथे निर्णय होत नाही आणि जनुकाच्या प्रती मोजणारी फिश नावाची दुसरी तपासणी करावी लागते. रंगावरून प्रत ठरवण्याचं काम कोल्हापूरला नवं नाही. १८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली तेव्हापासून इथे गुळाचे सौदे निघतात आणि पिवळा, केशरी, काळपट अशा रव्यांवरून नजर फिरवत व्यापारी भाव बोलतात. पण तो व्यापारी एकट्या रंगावर कधीच जात नाही. रवा फोडून बघतो, कण बघतो, जिभेवर ठेवतो. मीही एकट्या रंगावर जाऊ नये यासाठी शेजारी एक खात्रीची ३+ आणि एक खात्रीची ० अशा स्लाईडी रंगवतात. इस्ट्रोजेन-ग्राहकाच्या बाबतीत तर निसर्गानंच सोय केली आहे. गाठीच्या शेजारी दुधाच्या निरोगी नलिका असतात आणि त्यांच्या काही पेशींनी तपकिरी व्हायलाच हवं. गाठ निळी आणि नलिकाही निळ्या, असं दिसलं तर ‘निगेटिव्ह’ लिहू नये. तिथे गाठ काहीच सांगत नसते; तुकडा आधीच बिघडलेला असतो.

ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा का सांगते? भारतीय स्त्रियांमध्ये तिन्ही प्रथिनं निगेटिव्ह असलेल्या गाठींचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त नोंदलं जातं. त्यामागे आपल्याकडच्या स्त्रियांचं कमी वय, अनुवंश अशी खरी कारणं आहेतच. पण काही गाठी बरणीत निगेटिव्ह होत असाव्यात, ही शंका आपल्याच देशातल्या विकृतिशास्त्रज्ञांनी मांडली आहे आणि मला ती रास्त वाटते. ज्या बाईला रोजची एक स्वस्त गोळी पाच-दहा वर्षं घेऊन आजार लांब ठेवता आला असता, तिला ती गोळी मिळालीच नाही, कारण तिची गाठ दुपारभर टेबलावर पडून होती. यापेक्षा टाळता येण्यासारखं नुकसान मला माझ्या कामात दुसरं दिसलेलं नाही.

घरच्या माणसांसाठी एक शब्द सोडवून ठेवते. कोरोनानंतर आपल्याकडे ‘पॉझिटिव्ह’ म्हटलं की माणसांच्या तोंडचं पाणी पळतं. इस्ट्रोजेन-ग्राहक पॉझिटिव्ह पाहून एका आजींनी माझ्यासमोर सुनेला मिठी मारून रडायला सुरुवात केली होती. त्यांना खाली बसवून सांगावं लागलं की, आजी, ही बरी बातमी आहे, या गाठीवर गोळ्या चालतात. आणि तिन्ही निगेटिव्ह वाचून सुटकेचा श्वास सोडणारी घरंही मी पाहिली आहेत. त्यांना सांगणं जास्त अवघड जातं. या कागदावर पॉझिटिव्ह म्हणजे वाईट आणि निगेटिव्ह म्हणजे चांगलं, असा हिशेब नाही. तिथे फक्त कोणतं प्रथिन सापडलं आणि कोणतं नाही एवढंच लिहिलेलं असतं. कर्करोग आहे की नाही हे त्याआधीच, साध्या स्लाईडवर, ठरलेलं असतं. आणि तपकिरी रंग म्हणजे कर्करोग, असंही समजू नका. निरोगी नलिका तपकिरी होतात हे वर सांगितलंच.

विज्ञान थांबलेलं नाही. २०२२ साली एका मोठ्या चाचणीत दिसलं की, अँटिबॉडीला केमोथेरपीचं औषध बांधून दिलं तर ते १+ आणि फिश-निगेटिव्ह २+ असलेल्या काही रुग्णांनाही लागू पडतं. इतकी वर्षं आम्ही ० आणि १+ यांच्यातल्या फरकाकडे फारसं लक्ष देत नव्हतो, दोन्ही निगेटिव्हच. आता तो फरक एखाद्या बाईचं औषध ठरवू शकतो. ३+ इतकं ठळक असतं की थोडंफार बिघडूनही दिसतं. १+ ची ती पुसट, तुटक कड मात्र तासाभराच्या हलगर्जीनंही जाऊ शकते. म्हणजे बरणीचं महत्त्व पूर्वी होतं त्याहून वाढलं आहे.

म्हणून या पुस्तकात सूक्ष्मदर्शक पाचव्या प्रकरणात येतो. पहिल्यात बरणी आहे: ती केवढी असावी, तोंड किती रुंद असावं, फॉर्मलिन कसं तयार करायचं, कुठल्या कपाटात ठेवायचं. दुसऱ्यात लेबल आहे. नाव, वय, कुठल्या बाजूची गाठ, आणि दोन वेळा: गाठ काढली ती वेळ आणि फॉर्मलिनमध्ये टाकली ती वेळ. तालुक्यातल्या एका लहान दवाखान्यातली परिचारिका गेलं वर्षभर न चुकता या दोन वेळा लिहून पाठवते. अक्षर बारीक, शाई निळी. मागच्या बरणीवर ११.४० आणि ११.५२ होतं. झाकण उघडलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.